मागचे फूटरेस्ट काढून पुढे हायवे पेग म्हणून लावले तर?

मडगाव_ते_बेळगाव | सोमवार, रात्री ९:१०

गाडी क्लासिक ३५०, २०२२ ची. पुढे गोल पाइपचा साधा लेगगार्ड, क्रोमचा. मागे कोणी बसत नाही, त्यामुळे मागचे दोन फूटरेस्ट नुसते मीठ खात बसलेत. हायवे पेग (लांबच्या प्रवासात पाय पुढे पसरून टेकवायचे फूटरेस्ट) म्हणून जे विकत मिळतं त्याचा क्लॅम्प बघूनच भीती वाटते, पत्रा आहे नुसता. म्हणून विचार असा की मागचेच फूटरेस्ट काढायचे आणि लेगगार्डवर बसवायचे. रबर जाड आहे, घडी होते आणि कंपनीचाच माल आहे.

प्रश्न:
क्लॅम्प कुठला घ्यायचा?
लेगगार्डला सरळ वेल्ड मारून टाकलं तर?
मागचे काढल्यावर कोणी अडवेल का?

"त्यापेक्षा सोफा घे" हा प्रतिसाद पहिल्या पाचांत नको.

---

तिखट_सुंगटां | ९:१४

सहावा नंबर माझा, राखून ठेवा.

---

लेथवर_उभा | ९:४७

कल्पना वाईट नाही. पिलियनचा, म्हणजे मागे बसणाऱ्याचा, फूटरेस्ट हायवे पेगपेक्षा जास्तच मजबूत असतो, कारण त्यावर अख्खा माणूस उभा राहील हे धरून तो केलेला असतो. हायवे पेगवर फक्त पाय टेकतो, म्हणजे दहा-बारा किलो. खड्ड्यात किंवा सीटवर मागे सरकताना जोर दिला तर चाळीसेक.

पण फूटरेस्टची ताकद एकट्या फूटरेस्टमध्ये नसते, अर्धी त्याच्या ब्रॅकेटमध्ये असते आणि ते ब्रॅकेट तुम्ही मागेच सोडून येणार आहात. गाडीवरचा फूटरेस्ट खाली पाडून नीट बघा. पिनेच्या मागे त्याची टाच असते, ती ब्रॅकेटच्या सपाट कडेवर टेकते. वजन टाच घेते. पिन फक्त बिजागरी. घरी केलेल्या ब्रॅकेटमध्ये ही टेकण्याची कड गोल घासली गेली किंवा राहूनच गेली, तर सगळा भार ८ मिमीच्या पिनेवर येतो, भोक अंडाकृती होतं आणि महिनाभरात पेग खाली मान टाकतो. दहातल्या आठ जुगाडांची हीच रड असते, क्लॅम्पची नाही.

---

नियम_दाखवा | १०:०५

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे मागचे काढायचे की नाही ते ठरेल.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२३. ज्या मोटरसायकलवर मागे बसायची सोय आहे तिला मागच्यासाठी धरायची मूठ, फूटरेस्ट आणि मागचं चाक निदान अर्धं झाकणारा गार्ड हवाच. तुमच्या आरसीवर आसनक्षमता २ असेल आणि मागची सीट जागेवर असेल, तर फूटरेस्ट काढणं म्हणजे ही सोय मोडणं. "मागे कोणी बसत नाही" हे उत्तर नाक्यावर चालत नाही.

बदल करण्याबद्दल मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ, पोटकलम ४ खाली मालकाला दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. लेगगार्डला बोल्टने लावलेला, पान्याने निघणारा पेग यात कितपत बसतो यावर वाद घालता येईल. काढून टाकलेल्या फूटरेस्टवर घालता येणार नाही.

---

चोर्ल्याचं_वळण | १०:११

थोडक्यात: मागचे जागेवर ठेवा, सुटी जोडी विकत घ्या. पिलियन फूटरेस्ट स्पेअरमध्ये मिळतात, रबर वेगळं, पिन वेगळी. हायवे पेग म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्या जोडीपेक्षा स्वस्तच पडतात. जुन्या बुलेटचे भंगारातले घेतले तर रबर नवीन टाका, दांडा बहुधा ठणठणीत असतो.

---

मडगाव_ते_बेळगाव | १०:२०

हे पटलं. मागचे राहू देत, वेगळी जोडी घेतो. मग आता क्लॅम्प?

---

तिखट_सुंगटां | १०:२१

हा सहावा नाही, पण: मागचे काढून पुढे लावलेली गाडी जर पायलटाच्या (मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या) स्टँडवर उभी केली तर पॅसेंजर पाय कुठे ठेवणार, पायलटाच्या मांडीवर?

---

लेथवर_उभा | १०:५८

आधी पाइप मोजा. व्हर्नियरने, टेपने नाही. लेगगार्ड साधारण २५.४ (एक इंची), २८ किंवा ३२ मिमी असतात. २५.४ च्या पाइपवर २८ चा क्लॅम्प रिकामा आवळला की तो गोल धरत नाही, दोन रेघांवर धरतो. वर कितीही आवळा, तो फिरणारच.

एक बोल्टवाला पी-क्लॅम्प, म्हणजे वाकवलेली पट्टी, घेऊ नका. तो वायरी आणि फॉगलॅम्पसाठी. पेगला दोन अर्ध्यांचा, दोन किंवा चार बोल्टचा क्लॅम्प हवा, पाइपच्या लांबीत निदान ३० मिमी रुंद.

हिशेब बघा. पेगचा भार पाइपच्या मध्यापासून ६० मिमी पुढे येतोय आणि खड्ड्यात ४० किलो पडले, तर पिळ जवळजवळ २४ न्यूटन-मीटरचा. १५ मिमी रुंदीचा पत्रा रबरावरून एवढं धरत नाही.

लेथवर करून घ्यायचा तर ५० बाय ५० चा एमएसचा (साध्या लोखंडाचा) ठोकळा, आधी बोअर (पाइपसाठी गोल भोक), मग मधोमध काप. हा क्रम उलटा करू नका. अखंड ठोकळ्यात बोअर मारून नंतर हॅकसॉने दोन तुकडे केले की करवतीच्या रुंदीएवढं, दीड-दोन मिमी, अंतर आपोआप सुटतं आणि तेच अंतर बोल्टला आवळायला लागतं. बोल्ट आवळल्यावर दोन्ही अर्ध्यांचे कान (बोल्ट जातात त्या कडा) एकमेकांना टेकले तर पकड तिथेच संपली. त्यानंतरचा सगळा जोर कानांवर जातो, पाइपवर नाही.

---

आसगावचा_गंज | ११:२०

बोल्टबद्दल. इथे समुद्रावरचा वारा आहे, झिंक लावलेला ८.८ ग्रेडचा बोल्ट एका पावसाळ्यात तांबडा होतो. सगळे म्हणतात एसएस (स्टेनलेस स्टील) घाला. घाला, पण दोन गोष्टी लक्षात ठेवून.

एसएसचा ए२-७० म्हणजे ३०४, ए४-७० म्हणजे ३१६. खाऱ्या हवेत ३१६ च टिकतो, ३०४ वर चहासारखे तांबूस डाग पडतात. दोन्हींची ताकद ८.८ पेक्षा कमी. त्यामुळे एम८ ला ८.८ मध्ये जो २५ न्यूटन-मीटर टॉर्क देता तो एसएसला देऊ नका, सोळा-सतरावर थांबा.

दुसरं, एसएसचा नट एसएसच्या बोल्टवर कोरडा आवळला तर मध्येच चिकटतो, ना पुढे ना मागे. मग ग्राइंडर. आट्यांना अँटिसीझ किंवा निदान ग्रीस लावा.

आणि फूटरेस्ट ॲल्युमिनियमचा असेल तर एसएसचा बोल्ट त्याला हळूहळू खातो, मीठ-पाणी मध्ये आलं की पांढरी भुकटी दिसते. मध्ये नायलॉनची चकती किंवा भरपूर ग्रीस. क्लासिक-बुलेटचे फूटरेस्ट लोखंडीच, त्यांना हा प्रश्न नाही.

---

वेल्डिंगचा_धूर | मंगळवार, सकाळी ७:३५

दुसऱ्या प्रश्नाला कोणी हातच लावला नाही. वेल्ड करू नका. कारणं अशी.

लेगगार्डवर क्रोम असतो, खाली निकेल. क्रोमवरून आर्क मारला की वेल्डला छिद्रं पडतात, शिवाय धूर विषारी. हेक्साव्हॅलंट क्रोमियम म्हणतात त्याला, फुप्फुसाला वाईट. मेस्त्री तोंडाला रुमाल बांधून मारेलही, म्हणून धूर कमी विषारी होत नाही. क्रोम घासून काढला तरी शेजारचा क्रोम उष्णतेने सुटतो आणि जुलैपर्यंत त्याच्याखालून गंज फुगून येतो.

पाइपची भिंत पातळ असते. दोन मिमीच्या खाली असेल तर ३.१५ च्या रॉडने भोक पडणारच. भोक बुजवायला परत माल, परत उष्णता, आणि पाइप नेमका तिथेच कमजोर. पडल्यावर गार्ड तिथेच दुमडणार.

आणि मुख्य म्हणजे वेल्ड केलेला पेग पुढेमागे सरकवता येत नाही. पहिल्या फटक्यात जागा बरोबर आली असं कोणाचंच होत नाही.

वेल्ड करायचंच तर क्लॅम्पच्या ठोकळ्यावर ब्रॅकेटचे कान (फूटरेस्ट ज्यांच्यामध्ये पिनेने बसतो त्या दोन पट्ट्या) वेल्ड करा. ठोकळा काढून, टेबलावर, साधं लोखंड लोखंडाला. गाडीवर कधीच नाही. गाडीवर करायची वेळ आलीच तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा.

---

लेथवर_उभा | ८:०२

+१. कानांना दोन सुती पट्टी घ्या, म्हणजे पाव इंच, सहा मिमी. एक सुती वाकते. फूटरेस्टच्या जिभेची जाडी मोजा, दोन कानांमध्ये त्यापेक्षा अर्धा मिमीच जास्त ठेवा. ढिलं ठेवलंत तर थंपर (एकाच सिलिंडरच्या) इंजिनावर पेग टकटक वाजतो आणि ती टकटक पायातून दातापर्यंत येते. उरलेल्या फटीत वेव्ह वॉशर (नागमोडी चकती) टाका, म्हणजे पेग वर केला की वरच राहतो.

काही फूटरेस्टमध्ये घडीसाठी बॉल आणि स्प्रिंग असते. पिन काढताना बोट लावून ठेवा, नाहीतर बॉल शेजारच्याच्या विहिरीत. त्या बॉलला कानात खळगा लागतो. कान सपाट ठेवला तर बॉल घसरत राहतो. पेग वर आणि खाली अशा दोन्ही ठिकाणी बॉल जिथे येतो तिथे खूण करून ५ मिमीच्या ड्रिलने नुसतं टोक लावा, भोक आरपार नको.

---

नियम_दाखवा | ८:१५

दोन सुती म्हणजे सहा मिमी? सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७ मिमी. दोन सूत ६.३५.

---

लेथवर_उभा | ८:१७

बाजारात पट्टी सहाची येते, तोंडात दोन सुती येतं. चालायचंच.

---

चोर्ल्याचं_वळण | ८:५०

आता महत्त्वाचं: पेग कुठल्या दिशेला दुमडला पाहिजे?

चालकाचे फूटरेस्ट वर आणि मागे, तिरके दुमडतात. कारण वळणात टोक जमिनीला लागलं की घासत मागे जाऊन वर उचललं जावं. पिलियनचे बऱ्याच गाड्यांवर सरळ वर दुमडतात. तसेच पुढे लावलेत तर जमिनीच्या धक्क्याला ते पुरते दुमडत नाहीत, मागे ढकलणारा जोर बिजागरीत पिळ देतो. म्हणून कान लावतानाच पिनेचा अक्ष साधारण ४५ अंश फिरवून लावा, पेग वर आणि मागे जायला हवा. हाताने टोकाला पुढून मागे ढकलून बघा. एका बोटाने सुटत नसेल तर जमिनीनेही सुटणार नाही.

न दुमडणारा पेग टेकला तर गाडी त्यावर तरफेसारखी उचलली जाते, चाकाचा भार सुटतो. पुढे काय होतं ते सांगायला नको.

---

बांबोळी_चढाव | ९:२६

पण हायवे पेग तर चालकाच्या फूटरेस्टपेक्षा वर असतो. तो आधी कसा टेकेल? आधी खालचा टेकणार ना.

---

चोर्ल्याचं_वळण | ९:५५

@बांबोळी_चढाव, इथेच सगळे फसतात. नुसती उंची नाही, उंची आणि बाहेरचं अंतर यांचं प्रमाण बघायचं.

समजा चालकाच्या फूटरेस्टचं टोक जमिनीपासून ३०० मिमी वर आणि चाकाच्या मध्यरेषेपासून ३३० मिमी बाहेर. गाडी साधारण ४२ अंश झुकली की ते टेकेल. आता हायवे पेग ४०० मिमी उंच, पण लेगगार्डच्या बाहेरच्या बाजूला असल्यामुळे टोक ४८० मिमी बाहेर. तो ४० अंशाच्या आतच टेकतो. दहा सेंटिमीटर उंच असूनही आधी.

मोजायची सोपी रीत: गाडी सरळ उभी, वर चालक बसलेला (सस्पेन्शन दबलं पाहिजे). लाकडी पट्टी टायरच्या कडेला जमिनीवर टेकवून चालकाच्या फूटरेस्टच्या टोकाला लागेल अशी तिरकी धरा. मोबाइलच्या लेव्हलमध्ये कोन बघा. तोच कोन ठेवून पट्टी पुढच्या चाकाजवळ न्या. हायवे पेगचं टोक पट्टीच्या वर राहिलं तर ठीक. पट्टीला लागलं तर पेग आत घ्या किंवा वर घ्या. पिलियनचा पेग बहुधा शंभरेक मिमी लांब असतो, म्हणून पाइपच्या बाहेरच्या बाजूला लावू नका, गार्डच्या आतल्या अंगाला जेवढा घेता येईल तेवढा घ्या.

---

बांबोळी_चढाव | १०:०२

गणित नववीत सुटलं होतं, आज परत धरलं. मान्य.

---

फेरीबोट | १०:३०

रुंदीचा आणखी एक मुद्दा, इथलाच. रायबंदर-चोडण फेरीवर दुचाक्या एकमेकींना खेटून उभ्या असतात. बाहेर आलेला पेग शेजारच्याच्या नडगीवर बरोबर बसतो. हँडलच्या टोकाला ओळंबा सोडा, नटाला दोरी बांधली तरी चालेल. पेगचं टोक त्या दोरीच्या निदान ५० मिमी आत हवं.

फेरीचा रॅम्प चढताना-उतरताना पेग वर दुमडलेलेच ठेवा. ओहोटीला रॅम्पचा कोन इतका तीव्र होतो की लेगगार्डचा खालचा पाइपच घासतो, त्याच्या खाली काही लोंबत असलं तर ते आधी.

---

तिखट_सुंगटां | १०:३४

आणि बोटीवर सोफ्याची गरजच नाही, रेलिंगला टेकून उभे राहा. (हा सहावा होता.)

---

फिजिओ_नाही_पण | दुपारी १२:४०

जागा कशी ठरवायची यावर. क्लॅम्प हातात यायच्या आधी हे करा: गाडी मेनस्टँडवर, सीटवर नेहमीसारखे बसा, पायात नेहमीचे बूट. कोणाला तरी लेगगार्डसमोर लाकडी ठोकळा धरायला सांगा आणि तो पुढेमागे, वरखाली हलवून पाय कुठे सुखात पडतो ते बघा. गुडघा जवळपास सरळ झाला तर जास्त पुढे गेलात. गुडघ्यात बऱ्यापैकी वाक राहिला पाहिजे, १२० अंशांच्या आसपास. तिथे लेगगार्डवर इन्शुलेशन टेप गुंडाळून खूण करा आणि वीस मिनिटं तसेच बसा. पाच मिनिटांत सगळंच आरामाचं वाटतं.

पाय पुढे गेले की शरीराचा सगळा भार माकडहाडावर येतो. पायांवर थोडं उचलून खड्डा पचवणं बंद. म्हणून हायवे पेगने पाठीला आराम मिळतो हे अर्धसत्य आहे. गुडघ्याला आराम मिळतो, आखडलेली मांडी सुटते. पाठ उलट जास्त मार खाते. दहा-पंधरा मिनिटं पाय पुढे, मग परत जागेवर, अशी अदलाबदल हाच त्याचा उपयोग.

---

कुळे_स्टेशन | १२:५८

थोडक्यात, गोव्यातल्या रस्त्यांवर ते शोभेचे.

---

फिजिओ_नाही_पण | १:१०

शोभेचे नाहीत, पण जागा मोजक्याच. चोर्ला आणि अनमोड, दोन्ही घाटांत पाय जागेवर. गावातल्या गतिरोधकांवर जागेवर. पुलांचं म्हणाल तर पणजीच्या अटल सेतूवर दुचाकींना मुळात बंदीच, तिथे पाय पसरायचा प्रश्न नाही. बेळगाव ओलांडून एनएच ४८ ला लागलात की तिथे खरा उपयोग.

---

नियम_दाखवा | १:३३

ब्रेकचं कोणी बोललं नाही. ताशी ८० किमी म्हणजे सेकंदाला २२ मीटर. उजवा पाय पुढच्या पेगवरून उचलून मागच्या ब्रेकवर यायला अर्धा सेकंद धरला तरी ११ मीटर गेले. कदंबाची (गोव्याच्या एसटीची) एक बस मावते त्यात. मुख्य थांबवणारा पुढचा ब्रेक आहे हे खरं, पण गिअर खाली टाकायचा पायही पुढेच आहे. समोर गाडी, गाय, गाव, वळण यातलं काहीही असेल तर पाय परत.

---

आसगावचा_गंज | ३:०५

आणि चपला. चपलेवर हायवे पेग म्हणजे ८० च्या वाऱ्यात चप्पल हवेत. ओल्या रबरावर तर पाय साबणावर ठेवल्यासारखा. पेग आडवा न ठेवता टोक ५ ते १० अंश वर ठेवा, पाय बाहेर घसरत नाही. ते वरचं टोक @लेथवर_उभा यांनी सांगितलेल्या टाचेच्या कडेवरच ठरतं. कड कानशीने घासताना एकदम जास्त घासू नका, थोडं घासा, पेग पाडून बघा, परत घासा.

उजव्या बाजूला बेंड पाइप बघा. क्लासिकचा सायलेन्सरचा बेंड इंजिनाच्या पुढून उजवीकडे येतो. पाय पेगवर असताना बूट आणि बेंड यांत ५० मिमी तरी मोकळं हवं. बुटाचा रबरी सोल बेंडला चिकटला तर वास आठ दिवस जात नाही. गरज पडली तर उजवा पेग डाव्यापेक्षा थोडा बाहेर चालेल, दिसायला एकसारखे असलेच पाहिजेत असं नाही. पट्टीची परीक्षा मात्र उजव्याची वेगळी करा.

---

चोर्ल्याचं_वळण | ३:४०

हँडल दोन्हीकडे पुरतं वळवून बघायचं राहिलं. पुढचं चाक आणि मडगार्ड पेगवरच्या बुटाला लागता कामा नये. पुढचा ब्रेक दाबून फोर्क खाली दाबा आणि परत बघा, चाक आणि मडगार्ड पेगच्या मानाने वर येतात. पुढचा पेग दुमडल्यावर टाकीला किंवा हॉर्नला लागतो का तेही.

---

वेल्डिंगचा_धूर | ५:१५

पडल्यावर काय होतं यावर. लेगगार्डचं काम जमिनीला आधी लागून स्वतः वाकणं आणि इंजिन वाचवणं. त्याच्या बाहेर पेग आला तर आधी पेग लागतो, आणि तो तरफ असल्यामुळे क्लॅम्प पाइपवर गरगर फिरतो किंवा पाइप क्लॅम्पच्या कडेवर दुमडतो. म्हणून पाइपच्या सरळ लांब तुकड्याच्या मधोमध क्लॅम्प लावू नका. वाकाच्या किंवा वरच्या माउंटिंगच्या जवळ लावा, तिथे पाइप ताठ असतो. लेगगार्डच्या खालच्या भागात पाणी निघायचं भोक असेल तर ते क्लॅम्पखाली झाकू नका, नाहीतर पाइप आतून कुजतो आणि बाहेरून क्रोम चकाचक.

लेगगार्ड ज्या बोल्टने फ्रेमला किंवा इंजिनाला बसलाय त्या बोल्टवर पेगचा ब्रॅकेट चढवू नका. बोल्ट लांब घातला की ग्रेड कुठला मिळेल ते देव जाणे.

---

लेथवर_उभा | ६:२०

रबर की बिनरबर, हा वाद राहिला. रबर घातलं तर क्रोम वाचतो, थरथर कमी होते, पण रबर दबत जातं आणि बोल्ट ढिला होतो. न घातलं तर पकड पक्की, पण क्लॅम्पखाली मीठ-पाणी बसून क्रोम सोलतो. माझं मत: जुन्या ट्यूबची एकच थर पट्टी, सांधा कानांच्या फटीसमोर येईल अशी. दोन थर नकोत. नट नायलॉकचे (आत नायलॉनचं कडं असलेले). ५० किमीला, २०० ला आणि ५०० ला पुन्हा आवळा, तोपर्यंत रबर बसलेलं असतं. क्लॅम्पच्या लगेच खाली एक स्टीलची होज क्लिप आवळून ठेवा. क्लॅम्प खाली सरकायला लागला तर क्लिपवर अडतो आणि मध्ये फट दिसली की कळतं.

पिनेला स्प्लिट पिन दर वेळी नवीन. ८ च्या पिनेला २ मिमीची. जुनी सरळ करून परत घातलेली स्प्लिट पिन म्हणजे तुटायला अर्धी आधीच तयार.

---

बांबोळी_चढाव | ७:०२

भंगारातला फूटरेस्ट घेतला आणि पिन गंजून बसली असेल तर?

---

आसगावचा_गंज | ७:१५

स्प्लिट पिनेचे पाय नोज प्लायरने सरळ करून ओढा, तुटली तर तुटू द्या. गंजतेल रात्रभर. सकाळी बिजागरी वरखाली हलवत राहा, पिन स्वतः फिरायला लागली की पितळी दट्ट्याने खालून वर ठोका. लोखंडी दट्ट्या लावला की पिनेचं ठोकलेलं टोक फुगतं आणि मग ती भोकातून निघतच नाही. तरीही ढिम्म असेल तर थोडी आच, पण आधी रबर काढून. जळक्या रबराचा वास आणि शेजाऱ्यांचा आरडाओरडा, दोन्ही टळतात.

गाडीवरचा काढत असाल तर फक्त पिन काढा, ब्रॅकेट नाही. बऱ्याच गाड्यांवर सायलेन्सर त्याच ब्रॅकेटला लटकलेला असतो.

---

मडगाव_ते_बेळगाव | बुधवार, रात्री ८:४०

सगळ्यांना देव बरें करूं. ठरलं ते असं: सुटी जोडी, लोखंडी. ५० चा ठोकळा लेथवर, सहाच्या पट्टीचे कान टेबलावर वेल्ड, अक्ष ४५ वर. मागचे जागेवर.

आज व्हर्नियर लावला. पाइप २५.५ भरतो, डावीकडे एका ठिकाणी २५.६. ट्यूबची पट्टी दीड मिमी. मग बोअर किती सांगायचा? २८.५?

---

लेथवर_उभा | ९:०५

२५.५ अधिक दोन्हीकडे दीड, म्हणजे २८.५. पण तेवढाच मारला तर रबर नुसतं टेकेल, दबणार नाही. २८ सांगा. दोन्हीकडे पाव-पाव मिमी दबेल आणि कापाची फट उघडी राहील. त्या २५.६ च्या जागी क्लॅम्प बसवू नका, तिथे क्रोम फुगलाय, खाली गंज असेल. नख लावून बघा.

---

मडगाव_ते_बेळगाव | ९:३१

लावलं. निघालं.

---

आसगावचा_गंज | ९:३३

पेग राहू दे, आधी लेगगार्ड बदल.